नवीन मल्टिमीडिया लॅपटॉप: रॅम, एसएसडी आणि सोबत लिनक्स. काय करू, काय नको?

पेटीवाला_भांडुप (शनिवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय. आठ दिवसांपूर्वी लॅपटॉप घेतला, दुकानदाराने 'मल्टिमीडिया मॉडेल आहे साहेब, डोळे झाकून घ्या' म्हणून दिला आणि मी खरंच डोळे झाकून घेतला. इंटेल आय५ १३५००एच, ८ जीबी डीडीआर५ रॅम, ५१२ची एसएसडी, १५.६ इंची स्क्रीन, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज ११ होम.

काम काय तर आमच्या भजनी मंडळाचे कार्यक्रम दोन मोबाइल आणि एका कॅमेऱ्यावर शूट होतात, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असतो, ते सगळं मी डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत जुळवून यूट्यूबला टाकतो. जुन्या लॅपटॉपला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही त्यामुळे तो विंडोज ११ घेईना, आणि १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून हा खर्च केला.

तर आता रडगाणं. दोन तासांचं भजन टाइमलाइनवर टाकलं की पखवाजवाल्याचा हात खाली येतो आणि थाप नंतर ऐकू येते. टास्क मॅनेजर उघडला तर मेमरी ९४ टक्के, आणि अजून एक गोष्ट म्हणजे खोक्यावर 'आयरिस एक्सई' ग्राफिक्स लिहिलंय पण विंडोज 'यूएचडी ग्राफिक्स' दाखवतंय. मला गंडवलं का? रॅम वाढवू, एसएसडी वाढवू की हा विकून दुसरा घेऊ? शिवाय लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट सिस्टिम) टाकायची पण खूप दिवसांची हौस आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करा.

उगाच_आपलं

भजनाला आय५? आमच्या वेळी टाळ, मृदंग आणि एक टेपरेकॉर्डर पुरायचा. ह. घ्या. (हलकेच घ्या) खुर्ची टाकून बसलोय, चालू द्या.

जुनाखोड

गंडवलं नाही, अर्धवट माल दिला एवढंच. चिप तीच आहे. पण इंटेलचा नियम असा की दोन्ही चॅनलवर (रॅम ते प्रोसेसर अशा दोन वाटांवर) मेमरी असेल, म्हणजे रुंदी १२८ बिट असेल, तरच त्या ग्राफिक्सला आयरिस एक्सई म्हणायचं, नाहीतर तीच चिप स्वतःला यूएचडी म्हणवून घेते. तुमच्यात ८ची एकच कांडी (रॅमची पट्टी) आहे, म्हणजे ६४ बिट. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की ग्राफिक्सही त्याच रॅममधून खातं, त्यामुळे तुमचा रस्ता पण अरुंद आणि त्यावर गाड्या दोन. दुसरी कांडी टाका, नाव आपोआप बदलेल. आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे किती स्लॉट वापरात ते बघून इथे लिहा. 'रो ऑफ चिप्स' असं लिहिलेलं असेल तर ती रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते.

दादरकर_२

जुनाखोडकाका, चूक. डीडीआर५ची एक कांडी म्हणजेच ड्युअल चॅनल. माझ्या सीपीयू-झेड ॲपमध्ये एकाच कांडीला 'दोन गुणिले ३२ बिट' दाखवतंय. उगाच त्यांना खर्चात पाडू नका.

जुनाखोड

दोन आठ आणे मिळून रुपयाच होतो हो, दोन रुपये नाही. डीडीआर५ने ६४ बिटची कांडी आतल्या आत ३२-३२ अशी वाटली, एकूण रुंदी ६४च राहिली. १२८ साठी दुसरी कांडी लागते ती लागतेच. माझं आयुष्य ग्रँट रोडला माळ्यावरच्या दुकानात मदरबोर्ड सोलण्यात गेलंय, चुकतो मी पण, पण ह्यात नाही.

पेटीवाला_भांडुप (रविवार, सकाळी ८:०५)

बघितलं. स्लॉट वापरात: २ पैकी १. म्हणजे जागा आहे! मग आज ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊनच येतो.

जुनाखोड

आज रविवार आहे. बरीचशी दुकानं बंद. झोपा.

अक्षरजुळारी

रॅम घ्यायला जाताय तर मन घट्ट करून जा. दिवाळीनंतर भाव जे चढलेत ते उतरायचं नाव नाही. एआयवाल्यांची डेटा सेंटरं सगळी मेमरी ओढून घेतायत, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. माझ्या डीटीपीच्या मशीनसाठी सप्टेंबरात विचारून ठेवलेला भाव मी डिसेंबरात परत विचारला तर दुकानदार नुसता हसला.

दुसरं, वॉरंटी. मागचं झाकण उघडल्याने ती जाते की नाही हे कंपनीगणिक वेगळं असतं, काही ठिकाणी एका स्क्रूवर सील चिकटवलेलं असतं. कस्टमर केअरला फोन करू नका, ईमेल करा. लेखी उत्तर आलं की प्रिंट काढून बिलासोबत ठेवा. माझ्या मागच्या लॅपटॉपच्या वेळी एका सर्व्हिस सेंटरने फोनवर 'हो उघडा मॅडम' सांगितलं आणि नंतर काउंटरवर कानावर हात ठेवले.

पेटीवाला_भांडुप

ताई, ईमेल केला. एसएसडीचं काय? ५१२ म्हणून घेतली आणि ४७६च दिसतेय, त्यात विंडोज आणि रिझॉल्व्ह जाऊन तीन कार्यक्रमांत भरेल.

जुनाखोड

४७६ बरोबर आहे. कंपनी जीबी हजारात मोजते, विंडोज १०२४मध्ये. १ टीबी घ्याल तर ९३१ दिसेल, तेव्हा परत धागा काढू नका.

क्लोनिंगच्या (जुन्या डिस्कची नव्यावर हुबेहूब नक्कल) भानगडीत पडू नका, दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडीची जागा) असेल तर त्यातच नवीन टाका. मूळ एसएसडी तशीच राहू द्या. क्लोन केलं की लोकांचं हमखास अडतं ते असं, की सी ड्राइव्हच्या लगेच मागे विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं, त्यामुळे नवीन डिस्कवरची मोकळी जागा त्याच्या पलीकडे पडते आणि सी काही पसरत नाही. मग ते पार्टिशन सरकवत बसा.

घेताना बघून घ्या: एनव्हीएमई (वेगवान जात) हवी, साटा (जुनी, हळू जात) नको. दिसायला दोन्ही च्युइंगमच्या पट्टीसारख्या, पण साटावाली ५५० एमबीच्या पुढे जात नाही आणि कित्येक नवीन लॅपटॉपांत ओळखलीच जात नाही. लांबी पण बघा, २२८० म्हणजे ८० मिलिमीटर, काही लॅपटॉपांत दुसरी जागा २२४२ची, म्हणजे निम्मीच असते. जेन३ची (जुन्या पिढीची) घेतलीत तरी चालेल, सेकंदाला साडेतीन हजार एमबीपर्यंत वाचते, भजनाला रग्गड.

दादरकर_२

आणि रॅम ८+१६ चालते का? इथे कोणी सांगितलं नाही.

जुनाखोड

चालते. पहिले १६ दोन्ही चॅनलवर धावतात, उरलेले ८ एकट्याने. खिशाला झेपत असेल तर जरूर. फक्त डीडीआर५ला डीडीआर४ची कांडी बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका.

पेटीवाला_भांडुप (मंगळवार, रात्री १०:५०)

कंपनीचं उत्तर आलं: रॅम-एसएसडी ग्राहकाने बदलली तर हरकत नाही, पण त्यात काही तोडलं तर ते वॉरंटीत नाही. प्रिंट काढली ताई.

आज ऑफिसातून लवकर निघून दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरलो. पहिल्या दुकानात मी 'आठ जीबी लॅपटॉप डीडीआर५' म्हटल्यावर पोराने माझ्याकडे न बघता कॅल्क्युलेटर फिरवून पुढे केला. आकडा बघून मी पुढच्या दुकानात. तिथे तोच आकडा, वर 'बिल पाहिजे तर अठरा टक्के'. चौथ्या दुकानात, एका अरुंद जिन्याने वर जाऊन, पक्क्या बिलात ८ची कांडी मिळाली, १६ची माझ्या आवाक्याबाहेर गेली. जेन३ची १ टीबी एसएसडी मात्र तिथेच बऱ्या भावात होती. सीलबंद घेतली, वॉरंटी बिलावर लिहून घेतली.

घरी येऊन जेवणं झाल्यावर टेबलावर जुनी चादर घातली आणि उघडायला बसलो. मागे ११ स्क्रू. दोन बिजागरीजवळचे लांब, बाकीचे आखूड, हे निघाल्यावर कळलं, म्हणून गौळणीच्या झेरॉक्सच्या मागे लॅपटॉपचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी सेलोटेपने चिकटवला. झाकण निघेना. मग बाद झालेलं एटीएम कार्ड घालून कडेकडेने सरकवत गेलो, प्रत्येक लॉक सुटताना असा काही टक्क आवाज यायचा की बायको आतून विचारायची 'मोडलं का?' बॅटरीचं कनेक्टर आधी काढलं. कांडी तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा चट्ट बसल्या. इथवर मी स्वतःवर जाम खूश.

मग एसएसडी घातली आणि लक्षात आलं की रिकाम्या स्लॉटला स्क्रूच नाहीये. लॅपटॉपवाल्याने दिला नाही, एसएसडीच्या पाकिटात नाही. स्क्रूशिवाय ती पट्टी नाक वर करून उभी राहते. आता ती सेलोटेपने चिकटवलीये.

जुनाखोड

काढा तो सेलोटेप. आत्ता. चालू असताना एसएसडी तापते, गोंद वितळतो आणि पट्टी पुन्हा वर येते, त्यात तुम्ही तो लॅपटॉप बॅगेत घालून लोकलमध्ये चढणार. एम२ मापाचा, तीन मिलिमीटरचा, चपट्या डोक्याचा स्क्रू लागतो. लांब घातलात तर खालून वर हात टेकायच्या जागी फुगा येईल. घराजवळच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे डबीत शंभर पडलेले असतात.

पेटीवाला_भांडुप (बुधवार, रात्री ९:४०)

मिळाला. स्टेशनबाहेरच्या मोबाइलवाल्याने डबी ओतली, चिमट्याने एक उचलून दिला, पैसे पण घेतले नाहीत. इतक्या हजारांचा माल चोवीस तास एका फुकटच्या स्क्रूवाचून अडला होता.

पण सुरू केल्यावर जे झालं ते सांगतो. बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला, स्क्रीन काळी. एक मिनिट. दीड मिनिट. मला घाम. बंद करायला बटणावर बोट ठेवलं पण म्हटलं इथे आधी विचारू आणि मोबाइल हातात घेईपर्यंत लोगो आला! मधल्या काळात काय झालं ते कोणी सांगेल का? आणि हो, आता आयरिस एक्सई दिसतंय. रिझॉल्व्ह उघडलं, प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉप्या) बनवल्या, थाप आणि हात एकाच वेळी पडतायत. जुनाखोडकाका, भांडुपला आलात की चहा माझ्याकडे.

जुनाखोड

ते मेमरी ट्रेनिंग. डीडीआर५ची नवी कांडी बसली की पहिल्यांदा बोर्ड तिचं टायमिंग जुळवत बसतो, कधीकधी काही मिनिटं. तबला लावून घेतात तसं समजा. पुढच्या वेळेपासून लगेच सुरू होईल. बोट मागे घेतलंत ते बरं केलंत.

उगाच_आपलं

मी तर म्हटलं आता धाग्याला विरजण पडणार.

मिंटची_चटणी

अभिनंदन! आता लिनक्सचं बोलू या का? मिंट २२ टाका, लिनक्सचंच एक रूप, उबंटू २४.०४ या दुसऱ्या रूपावर आधारलेलं आहे, २०२९पर्यंत अपडेट मिळत राहतील, जाहिराती नाहीत, स्टार्ट मेनूत गेम नाहीत, 'वनड्राइव्हवर ठेवू का' हे रोजचं टुमणं नाही. नवीन एसएसडीवर १०० जीबी बाजूला काढा, पेन ड्राइव्हवरून बूट करा, अर्ध्या तासात काम तमाम.

अक्षरजुळारी

काम तमाम हाच शब्द बरोबर आहे. पेटीवाले, दोन गोष्टी आधी ऐका. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ घेत नाही, म्हणजे तुमच्या मोबाइलचे व्हिडिओ तिथे उघडणारच नाहीत, सगळे आधी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलावे लागतील. एडिटिंगसाठी विंडोज ठेवा. आणि लिनक्सची हौसच असेल तर ते जुनं मशीन पडलंय ना, ज्याला टीपीएम नाही? मिंटला टीपीएम लागत नाही. त्याच्यावर करा की प्रयोग.

पेटीवाला_भांडुप (शुक्रवार, मध्यरात्र उलटून १:३०)

अक्षरजुळारी ताई, तुमचा प्रतिसाद मी आत्ता वाचतोय. उशीर झालाय.

मिंटच्या इन्स्टॉलरने सांगितलं की तुमच्याकडे इंटेल आरएसटी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू आहे, ते बंद करून या. मी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) गेलो, तिथे व्हीएमडी नावाचं काहीतरी सापडलं, तेच असणार म्हणून बंद केलं. लिनक्सला डिस्क दिसायला लागल्या. मग म्हटलं एकदा विंडोज बघून घेऊ, तर ते सुरूच होईना, निळी स्क्रीन आणि खाली बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की मागतंय. मी कधी बिटलॉकर लावलंच नाही! मला तर पासवर्ड आठवत नाही म्हणून पिन ठेवलाय. मंडळाच्या गेल्या महिन्याच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आत आहे, दुसरी कॉपी नाही. कोणी जागं आहे का?

मिंटची_चटणी

जागा आहे. घाबरू नका आणि काहीही फॉरमॅट करू नका. बायोसमध्ये परत जा, व्हीएमडी होतं तसं चालू करा, सेव्ह करा. बहुतेक विंडोज मुकाट सुरू होईल. तरी की मागितलीच तर ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. विंडोज ११ होममध्ये त्या अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपसूक चालू होतं आणि की तिकडे जाते. मोबाइलवरून अकाउंट उघडा, डिव्हाइसेसमध्ये लॅपटॉपच्या नावाखाली सापडेल. ही माझी चूक, आधी सांगायला हवं होतं.

पेटीवाला_भांडुप (१:५५)

व्हीएमडी चालू केलं, तरी की मागतोय. अकाउंट उघडलं तर त्यात हा लॅपटॉपच नाही. आत्ता आठवलं, पहिल्या दिवशी सेटअप भाच्याने केला होता, ईमेल त्याचाच टाकला होता 'मामा नंतर बदलू' म्हणून. तो ठाण्यात झोपलाय, बारावीला आहे, आणि ताई फोन उचलेल तर माझी खैर नाही.

उगाच_आपलं

थट्टा बाजूला ठेवतो. सकाळी करा फोन. की कुठे पळून जात नाही. झोपा आता.

पेटीवाला_भांडुप (शुक्रवार, सकाळी ७:१५)

मिळाली! साडेसहाला फोन केला. त्याने अर्धवट झोपेत ४८ आकडे वाचून दाखवले, सहा-सहाचे आठ गट, मी कागदावर लिहून घेतले, पाचव्या गटात तो एकदा घसरला आणि पुन्हा पहिल्यापासून. विंडोज सुरू. सगळ्यात आधी रेकॉर्डिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकलं. आता शेजारी चहा आहे आणि हात थोडे थरथरतायत.

मिंटची_चटणी

हुश्श. आता नीट सांगतो. आधी सेटिंग्जमधून अकाउंट तुमच्या ईमेलचं करा आणि तुमच्या अकाउंटमध्ये की आली का ते बघा, एक प्रिंट बिलाच्या फाइलीत. मग डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, डिस्क उलगडायला वेळ घेईल, चार्जर लावून ठेवा. मग विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून पुढचं बूट सेफ मोडमध्ये होईल असं करा, रिस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, तिथे व्हीएमडी बंद. विंडोज सेफ मोडमध्ये उठलं की ते डिस्कचा साधा ड्रायव्हर उचलतं, मग सेफ मोडची खूण काढा आणि रिस्टार्ट. तुम्ही हेच केलंत पण मधली पायरी गाळलीत. शेवटी कंट्रोल पॅनलमधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोज बंद झाल्याचं नाटक करतं आणि लिनक्सला तुमचा ड्राइव्ह नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही.

अक्षरजुळारी

आणि हे सगळं शनिवारी सकाळी करा. रात्री एकला नाही.

पेटीवाला_भांडुप (शनिवार, दुपारी ४:१०)

केलं. दोन्ही चालू. मिंट नवीन एसएसडीवर १०० जीबीत, उरलेल्यात व्हिडिओ. वायफाय, ब्लूटूथ, स्पीकर सगळं पहिल्या झटक्यात. आता अभंग टाइप करायला मराठी कीबोर्ड कसा लावू? विंडोजवर मी फोनेटिक वापरायचो, पण 'दऱ्या' आणि 'वाऱ्या' लिहिताना नेहमी 'दर्या' व्हायचं आणि मंडळातले गुरुजी झेरॉक्सवर लाल पेनाने गोल करायचे.

अक्षरजुळारी

हा माझा प्रांत. विंडोजमध्ये मे २०१९च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक आत आहेच, मिंटमध्ये कीबोर्ड लेआउटच्या यादीत मराठीखाली 'कागापा फोनेटिक' सापडेल. पण अभंग रोज टाइप करणार असाल तर इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा ठरीव कीबोर्ड) शिकून टाका, पंधरा दिवस बोटं शिव्या देतील, मग विंडोज असो, लिनक्स असो, कीबोर्ड तोच. आणि तुमचा 'ऱ्या': इनस्क्रिप्टमध्ये र जिथे आहे तीच कळ शिफ्ट दाबून मारली की खाली टिंब असलेला ऱ येतो, त्याला हलन्त लावून य, की झाला ऱ्य. गुरुजींचं लाल पेन वाचलं.

फक्त जुनी पत्रकं बिगर-युनिकोड (जुन्या पद्धतीच्या) फॉन्टात असतील तर ती लिनक्सवर उघडून हिरमुसू नका, इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. ती विंडोजवर उघडून कन्व्हर्टरमधून काढावी लागतात, आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांनी तपासावी लागतात.

दादरकर_२

स्क्रीनचं पण बघा. ह्या भावाच्या लॅपटॉपांत ४५ टक्के एनटीएससीचं, म्हणजे कमी रंग दाखवणारं पॅनल असतं, भगवा रंग विटकरी दिसतो. पॅनल बदलून मिळतं.

जुनाखोड

मिळतं, पण आत्ता नको. घरच्या टीव्हीला एचडीएमआय लावून एकदा रंग बघून घ्या आणि मग यूट्यूबला टाका. वॉरंटी संपेपर्यंत पॅनलला हात लावू नका. त्यापेक्षा कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा, तुमचा सगळा वेळ प्लगवरच जाणार.

पेटीवाला_भांडुप (शनिवार, रात्री १०:००)

८०वर लावलं. पण एक शेवटचं. मिंटमध्ये घड्याळ बरोबर आहे. विंडोजमध्ये गेलो तर संध्याकाळचे साडेचार दाखवतंय. बायको म्हणते बाई गावाला गेली तशी आता घड्याळाची वेळ पण गेली. बॅटरी उतरली का बोर्डाची?

मिंटची_चटणी

बरोब्बर साडेपाच तास मागे ना? म्हणजे बॅटरी नाही. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, आणि विंडोज तीच भारतातली वेळ समजून वाचतं. मिंटच्या टर्मिनलात एका ओळीची कमांड आहे, बोर्डाचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव असं सांगणारी, व्यनि (खासगी निरोप) करतो. मग विंडोजमध्ये एकदा 'आत्ता सिंक करा' दाबा.

पेटीवाला_भांडुप (१०:२५)

झालं. दोन्हीकडे १०:२५. जुन्या लॅपटॉपवर पण मिंट टाकून भाच्याला देतोय, ह्या वेळी ईमेल त्याचाच.

उगाच_आपलं

आणि स्क्रू मोजून घ्या.

पेटीवाला_भांडुप

मोजले. एक उरलाय.